माईचे गुडघे

सातारा
मंगळवार, रात्री

प्रिय सुमे,

दिवाळीतल्या पत्राला आत्ता उत्तर देतेय. खुशाल रागव. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे.

उजवा गुडघा बदलायचा ठरलाय, येत्या २२ तारखेला. उभं करून एक्स-रे काढला. आतल्या बाजूला फटच उरलेली नाही, हाडावर हाड घासतंय. सगळे म्हणतात 'वाटी बदलणार', पण वाटी बहुतेक वेळा तशीच ठेवतात म्हणे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं थोडी तासायची, वर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, खाली धातूची बैठक, मधे प्लॅस्टिकची चकती. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात. पंधरा-वीस वर्षं चालेल म्हणाले. मांडी घालणं मात्र बंद, भजनाला खुर्ची. तू मंगळागौरीत फुगडीचे हात सोडलेस त्याचा वण याच गुडघ्यावर आहे ना, तो नेमका चिरेच्या वाटेत येतो. डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, तर त्या खरचटण्याचा आणि या झिजेचा काही संबंध नाही. पन्नास वर्षांनी सुटलीस बाई तू!

मला भीती शस्त्रक्रियेची नाही गं. फॉर्म भरताना लेक म्हणाला, "आई, खर्चाचा विचार तू करायचाच नाही." आणि मला रडू फुटलं. तो समजला, घाबरली. त्याला काय सांगू? हे तुलाच कळेल.

२००० चा ऑक्टोबर आठवतो? वाजपेयींचा डावा गुडघा ब्रीच कँडीत बदलला, पेपरात रोज तेच. माई पलंगावर, आणि तू तिच्या गुडघ्यांना निर्गुडीचं तेल चोळत होतीस. तिने पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "माझेही बदलता येतील का गं?" मी म्हटलं, "माई, ते पंतप्रधान आहेत." ती हसली. मीही हसले. तू हसली नाहीस. मी चहा टाकायला उठले. मागून तू स्वयंपाकघरात आलीस नि म्हणालीस, "एकदा डॉक्टरांना विचारून तरी ये." तेव्हा मी तुला काय बोलले ते इथे लिहवत नाही. संक्रांतीला तू तिळगूळ घेऊन आलीस, तोवर अबोला होता.

दीड-दोन लाख कुठून आणणार होतो आम्ही? ह्यांचा पगार, लेकाचं कॉलेज, घराचे हप्ते. रोज रात्री ही यादी मनात म्हणते, आणि त्यातलं काहीही खोटं नाही. पण विचारायला कुठे पैसे पडत होते? तेवढंसुद्धा मी केलं नाही. माईने परत कधी विषय काढला नाही. पाय धनुष्यासारखे वाकले. शेवटची चार वर्षं देवघरापर्यंत ती बसून सरकत जायची, आणि कोणी आलं की पदर पायांवर ओढून घ्यायची.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने या सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. दीड लाखाच्या वरचा साधा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. माईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तो पेपर मी घडी करून ट्रंकेत ठेवलाय, तिच्या नऊवारीखाली.

आणि आता माझ्यासाठी दोन डॉक्टरांची मतं घेतली, खोली ठरली, सूनबाईने कमोडची उंच सीटसुद्धा आणून ठेवली. मला ते सगळं घेताना हात आखडतो. परवा तर तारीख रद्द करावी असंही मनात आलं. लेकाला बोलले नाही.

तुझं मोतीबिंदूचं झालं का? नातीचं नाव काय ठेवलंत? इंदुरात थंडी फार असेल, स्वेटर घालत जा.

एकच विचारते, सुमे. त्या दिवशी मी चहा टाकायला उठून गेल्यावर माई तुझ्याशी काहीतरी बोलली होती. मला आवाज ऐकू आला, शब्द नाही. मी आजवर विचारलं नाही नि तू सांगितलं नाहीस. काय म्हणाली ती? २२ तारखेच्या आत कळव. फोनवर नको, लिहूनच पाठव.

तुझी,
कुसुम