‘इथे हे, तिथे ते’ पाठवण्यावर कुणाची मालकी नको: केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्र्यांना ठाण्याहून खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा कारखाना आहे. दोन गाळे, नऊ माणसे. मंगल कार्यालये, क्लासेस, रुग्णालये, सोसायट्यांची क्लबहाउसे यांना आम्ही टीव्ही, स्पीकर आणि त्यांच्यामागची सगळी यंत्रणा बसवून देतो. रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीपाशी टोकन नंबर दिसले पाहिजेत, बालरोग विभागात कार्टून, शस्त्रक्रियागृहाबाहेर नुसती मंद बासरी. हे सगळे एकाच पेटीतून, एकाच वेळी, पण प्रत्येक खोलीला वेगळे. आमचे पोट यावर चालते.

यंदाच्या लग्नसराईआधी घोडबंदर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाची ऑर्डर हाती आली होती. दोन सभागृहे, एक भोजनगृह, वधूवरांच्या खोल्या, खाली पार्किंग. मोजमापे झाली, आगाऊ रक्कम मिळाली, वायर येऊन पडली. मग कार्यालयाच्या मालकांना एका वकिलाचे पत्र गेले. अनेक उपकरणांना एकाच वेळी वेगवेगळा आशय, म्हणजे चित्र, आवाज किंवा मजकूर, पोहोचवण्याच्या पद्धतीवर आमच्या अशिलाचा पेटंट अर्ज प्रसिद्ध झाला आहे, याची नोंद घ्यावी, एवढाच मजकूर. खटला भरू असे कुठेही नव्हते. मालकांचा फोन आला, “भाऊ, तुमचं आणि त्यांचं काय ते मिटलं की सांगा. मला कोर्टाची पायरी नको.” ऑर्डर थांबली ती थांबलीच.

त्या रात्री मी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो अर्ज शोधून काढला. तिथे अर्ज फुकट वाचता येतात, ही फार मोठी सोय आहे आणि त्याबद्दल आपल्या खात्याचे आभार मानतो. अर्जाची परीक्षा अजून झालेलीच नव्हती. पेटंट कायद्याचे कलम ११अ वाचले. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून अर्जदाराला हक्क लागू होतात, पण पेटंट मंजूर होईपर्यंत त्याला खटला भरता येत नाही. म्हणजे आज कुणी मला न्यायालयात खेचू शकत नाही. मात्र उद्या मंजुरी मिळालीच, तर नुकसानभरपाईचा हिशेब प्रसिद्धीच्या तारखेपर्यंत मागे जाऊ शकतो. कार्यालयाच्या मालकांना त्यांच्या वकिलाने हेच सांगितले असणार, आणि त्यात त्या वकिलाचे चुकले असे मी म्हणणार नाही.

कलम १०६ मध्ये निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही आहे की पेटंट अस्तित्वात असल्याचे नुसते कळवणे ही धमकी ठरत नाही. आलेले पत्र नेमके या बेताने लिहिले होते. माझ्यासारख्याने वकील लावून ते धमकीच आहे हे सिद्ध करायचे, तर त्या ऑर्डरमध्ये मिळणार होते त्याहून जास्त पैसे जातील.

आता त्या अर्जातला मुख्य दावा, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारा मजकूर. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, कारण मला वाटले काही तरी माझ्या नजरेतून सुटते आहे. एक सर्व्हर आहे, त्यात प्रोसेसर आणि मेमरी आहे. जोडलेल्या उपकरणांची यादी आहे. कुठल्या उपकरणाला कुठला आशय द्यायचा हे सर्व्हर ठरवतो आणि सर्वांना एकाच वेळी पाठवतो. बस. कसा पाठवतो, वाटेत काय अडते, ते अडलेले कसे सोडवले, याचे एक वाक्य नाही. काय व्हायला हवे ते लिहिले आहे आणि त्यावर वीस वर्षांची मालकी मागितली आहे.

महोदय, आपण संसदेत बसता तिथे प्रत्येक आसनापाशी हेडफोन असतो. एक सदस्य मराठीत किंवा तमिळमध्ये बोलतो आणि त्याच क्षणी शेजारशेजारच्या दोन आसनांवर दोन वेगळ्या भाषा ऐकू येतात. लोकसभेत ही सोय साठच्या दशकापासून आहे. त्याआधी १९४५ साली नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांचे दुभाषी एकाच वेळी बोलत होते आणि खुर्चीपाशी बटण फिरवून ज्याला जी हवी ती भाषा ऐकता येत होती. एका ठिकाणाहून अनेक उपकरणांना एकाच वेळी वेगवेगळा आशय देण्याची कल्पना एवढी जुनी आहे.

यावर कुणी म्हणेल, ते वायरीचे युग होते, हे नेटवर्कचे आहे. तर नेटवर्कचेही सांगतो. ऑगस्ट १९८९ मध्ये स्टीव्ह डीरिंग यांनी लिहिलेला आरएफसी १११२ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. इंटरनेटच्या खुल्या मानकांतला तो दस्तऐवज. प्रत्येक प्रक्षेपणाला एक गट-पत्ता द्यायचा, ज्या उपकरणाला जे हवे त्याने त्या गटात नाव घालायचे, आणि त्या उपकरणाकडे तेवढेच जायचे, ही आयपी मल्टिकास्टची पद्धत त्यात मांडली आहे. आमच्याकडे आयटीआय करून आलेला मुलगासुद्धा नेटवर्क स्विच बसवताना ‘आयजीएमपी स्नूपिंग’, म्हणजे कुठल्या वायरीवर कुठला गट हवा हे स्विचने बघून तेवढेच पुढे सोडण्याची सोय, चालू करायला विसरत नाही. ते बंद राहिले तर प्रत्येक खोलीचे चित्र प्रत्येक टीव्हीच्या वायरवर येऊन धडकते आणि सगळेच पडदे अडखळतात. जे ज्ञान वागळे इस्टेटमधल्या मुलाच्या हातात बसले आहे, ते नवे म्हणून कुणाच्या नावावर कसे होईल?

फरक अजिबात नाही असे मी म्हणत नाही. जुन्या व्यवस्थेत निवड ऐकणाऱ्याच्या हातात होती, या अर्जात ती सर्व्हर करतो. पण कोणत्या खोलीला काय, याची यादी माणसाने कागदावर ठेवण्याऐवजी संगणकाने ठेवली, एवढ्याने शोध लागत नाही.

मी पेटंटच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट करायला हवे, नाहीतर माझे म्हणणे चुकीच्या खात्यात जमा होईल. आमच्याच कामातला एक खरा प्रश्न सांगतो. वरच्या सभागृहात लग्न लागत असते आणि जागा पुरत नाही म्हणून निम्मे पाहुणे खालच्या सभागृहात पडद्यासमोर, हातात अक्षता घेऊन उभे असतात. शेवटचे मंगलाष्टक संपते, ‘सावधान’ होते, वर अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. खाली पडद्यावर भटजींचा हात अजून वरच असतो. छतातून वाजंत्रीचा आवाज आधी येतो, चित्र दोन सेकंदांनी. खालचे लोक गोंधळतात. कुणी आवाजावर अक्षता टाकतो, कुणी चित्रावर. मी एका आजींना ती मूठ तशीच घट्ट धरून इकडेतिकडे बघताना पाहिले आहे. नातीच्या लग्नातला तो एक क्षण आमच्या यंत्रणेने त्यांच्याकडून हिरावून घेतला, असे मला तेव्हा वाटले आणि अजून वाटते.

हा उशीर तीन ठिकाणी होतो. कॅमेऱ्याचे चित्र आकुंचित करणारा एन्कोडर काही चौकटी (फ्रेम) हातात धरून ठेवतो. नेटवर्कवर धक्के बसू नयेत म्हणून घेणारी पेटी थोडा साठा करून मगच दाखवायला लागते. आणि टीव्ही स्वतः चित्र सुधारण्यात वेळ घालवतो, तोही प्रत्येक कंपनीचा वेगळा. आवाजाचे गणित याहून निराळे. हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणून लांब सभागृहात मागचे स्पीकर मुद्दाम उशिरा वाजवावे लागतात, नाहीतर शब्द दुहेरी ऐकू येतात. वेगवेगळ्या खोल्या, वेगवेगळा आशय, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे, आणि तरीही सगळीकडे ‘सावधान’ एका क्षणी पोहोचले पाहिजे. आमच्याकडची एक अभियंता मुलगी आठ महिने यावर डोके फोडते आहे. तिने किंवा आणखी कुणी यावर नवा उपाय काढला, तो कसा चालतो हे पायरीपायरीने लिहून दिले आणि तो आधी कुणाला सुचला नव्हता असे ठरले, तर त्याला पेटंट जरूर द्या. मी स्वतः परवान्याचे पैसे भरून तो उपाय वापरेन.

मला जी रेघ हवी आहे ती हीच आहे. पाठवण्याच्या कल्पनेवर मालकी नको. पाठवताना आलेली तांत्रिक अडचण नव्या रीतीने सोडवली असेल, तर तेवढ्या रीतीवर असावी.

ही रेघ आपल्या कायद्यात आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) म्हणते की गणिती किंवा व्यावसायिक पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोध नव्हेत. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून ही तरतूद सैल करण्याचा प्रयत्न झाला. प्रोग्रामचा उद्योगातला तांत्रिक वापर आणि हार्डवेअरशी जोडलेला प्रोग्राम यांना मोकळीक मिळणार होती. २००५ मध्ये संसदेने ते नाकारले आणि जुने शब्द कायम ठेवले. म्हणजे लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न समोर ठेवून, विचार करून उत्तर दिलेले आहे.

त्यानंतर मात्र संगणकाशी संबंधित शोधांसाठीच्या पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत वारंवार बदल होत राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये नवी तत्त्वे आली, आक्षेप आल्यावर डिसेंबरात स्थगित झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रोग्रामसोबत नवे हार्डवेअरही हवे अशी अट आली, जून २०१७ मध्ये ती निघाली, २०२५ मध्ये पुन्हा सुधारणा झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात सांगितले की शोधाचा तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर केवळ तो प्रोग्रामवर आधारित आहे म्हणून नाकारू नये. निकाल मला पटतो. पण ‘तांत्रिक परिणाम’ हे दोन शब्द आता वाटेल तसे ताणले जातात. सर्व्हरने आशय पाठवला आणि टीव्हीवर दिसला, हाही तांत्रिक परिणामच, असा युक्तिवाद होतो.

अमेरिकेने या बाबतीत ठेच खाल्लेली आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘ॲलिस’ प्रकरणात ठरवले की अमूर्त कल्पनेला साधा संगणक जोडल्याने ती पेटंटयोग्य होत नाही. २०१७ मध्ये ‘टू-वे मीडिया विरुद्ध कॉमकास्ट’ या खटल्यात नेटवर्कवरून आवाज आणि चित्र अनेकांना पोहोचवण्याच्या पद्धतीवरची पेटंट तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने, म्हणजे पेटंटची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने, याच कसोटीवर अपात्र ठरवली. माहिती पाठवा, वळवा, पोहोचली का बघा, नोंद ठेवा, असे नुसते परिणाम लिहिले आहेत, ते साधण्याचा नवा मार्ग सांगितलेला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तिथे इतक्या उशिरा, इतक्या खर्चाने सुटलेला गुंता आपण इथे नव्याने का घालून घ्यायचा?

आपल्याकडे मार्च २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात एक लाखावर पेटंट मंजूर झाली. आकडा वाढला याचा मलाही आनंद आहे. पण त्या आकड्यामागे परीक्षकाच्या टेबलावर किती अर्ज आणि किती थोडा वेळ असेल, याची काळजी वाटते. म्हणून विनंती अशी की मार्गदर्शक तत्त्वांत आशय वितरणाच्या अर्जांसाठी स्वतंत्र उदाहरणे द्यावीत. काय चालेल आणि काय चालणार नाही हे दोन्ही दाखवणारी, आयपी मल्टिकास्टसारख्या जुन्या मानकांचा नावाने उल्लेख करणारी. आणि मंजुरीच्या आदेशात परीक्षकाने एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहावी: कोणती तांत्रिक अडचण होती आणि ती कोणत्या नव्या मार्गाने सुटली. कलम १०(४) अर्जदाराकडून शोध कसा अमलात येतो याचे पूर्ण वर्णन मागतेच. ते वर्णन सापडत नसेल तर परीक्षकाला हे वाक्य लिहिता येणार नाही, आणि अर्ज तिथेच थांबेल.

दुसरी विनंती मंजुरीपूर्व विरोधाबद्दल. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्याआधी कुणालाही हरकत घेता येते. माझ्यासारख्या माणसाच्या हातात एवढे एकच हत्यार आहे. २०२४ च्या नियमांनी त्यावर शुल्क लावले आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी ठरवण्याची पायरी घातली. उगाच खोळंबा करणाऱ्यांना आवर घालायचा होता, हे समजते. पण सूक्ष्म आणि लघुउद्योगांना हे शुल्क माफ करा, आणि हरकत मराठीत किंवा कुठल्याही भारतीय भाषेत, साध्या कागदावर, जुन्या बिलांच्या आणि वायरिंगच्या नकाशांच्या प्रतींसह स्वीकारा. जुन्या कामाचा पुरावा आमच्यासारख्यांच्या फायलींमध्ये आहे. तो परदेशी डेटाबेसमध्ये परीक्षकाला कधीच सापडणार नाही.

त्या अर्जावर मी हरकत तयार करतो आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका क्लासच्या चार वर्गांत चार वेगळे तास एकाच खोलीतून चालवले होते. त्याची पावती, नकाशा आणि तो एचडीएमआय मॅट्रिक्स स्विचर, म्हणजे हवे ते चित्र हव्या त्या टीव्हीला जोडणारी पेटी, मी जपून ठेवला आहे, अजून चालतो. मुंबईच्या पेटंट कार्यालयात, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात, सुनावणी लागली आणि परीक्षकांची हरकत नसेल, तर मी तो चार छोट्या टीव्हींसह टेम्पोत घालून घेऊन येईन आणि त्यांच्यासमोर लावून दाखवेन. जोडणीला वीस मिनिटे लागतात.

आपला नम्र,
वागळे इस्टेट, ठाणे येथील एक लघुउद्योजक