रुग्णालयाच्या बिलातील छापील किमतींना लगाम घाला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खासगी रुग्णालयांची बिले एवढी का फुगतात, हा विषय निघाला की बहुधा डॉक्टरांच्या शुल्काकडे किंवा खोलीच्या भाड्याकडे बोट दाखवले जाते. शहरांतील जमिनीचे भाव, परदेशी यंत्रसामग्री, कर्जाचे हप्ते आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे भरमसाट शुल्क ही कारणे खरी आहेत आणि ती मी नाकारत नाही. मात्र डिस्चार्जच्या वेळी हाती पडलेल्या बिलाची पाने कोणीही उलटून पाहावीत. औषधे, सलाईनचे सेट, सिरिंज, कॅथेटर, हातमोजे यांची यादी पानेच्या पाने चाललेली असते. या वस्तूंच्या किमती कशा ठरतात, याची चौकशी मात्र फारशी होत नाही.

राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी केली. काही वस्तूंवर रुग्णालयांनी १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे तीत आढळले. याहून गंभीर गोष्ट अशी की, यातील बहुतेक विक्री छापील किमतीच्या आत झालेली होती, म्हणजे रूढ अर्थाने कायदा कोठेही मोडलेला नव्हता. ग्राहकाला लुबाडले जाऊ नये म्हणून वेष्टनावर कमाल किंमत छापण्याची सक्ती आली. रुग्णालयात मात्र तीच किंमत नफा सामावून घेण्यासाठी वाढवून छापली जाते. रुग्णालय घाऊक खरेदी करते, त्यामुळे कंपन्यांमध्ये चढाओढ लागते ती रुग्णालयाला वस्तू स्वस्तात देऊन वेष्टनावर अधिकाधिक किंमत छापण्याची. खरेदीची किंमत आणि छापील किंमत यांत ज्या वस्तूचे अंतर अधिक, ती रुग्णालयाला अधिक फायद्याची. इतर बाजारात स्पर्धेमुळे भाव उतरतात, येथे ते चढतात, कारण वस्तू निवडणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. पैसे मोजणाऱ्याचा माणूस त्या वेळी आत अतिदक्षता विभागात असतो. घासाघीस करण्याच्या किंवा दुसऱ्या दुकानात चौकशी करण्याच्या मनःस्थितीत पैसे मोजणारा नसतो.

यात कायद्याचाही वाटा आहे. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात नियंत्रित औषधांची किंमत उत्पादनखर्चाच्या आधारे ठरत असे. २०१३ च्या आदेशाने ती पद्धत बदलली. आता सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधाची कमाल किंमत काढताना बाजारात एक टक्का किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी धरतात आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवतात. बाजारच चढा असेल तर सरासरीही चढीच येणार. यादीबाहेरच्या औषधांना आणि उपकरणांना तर एवढेच बंधन आहे की, छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये. पहिल्याच दिवशी ती किती छापावी, यावर कसलीही मर्यादा नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, म्हणजे स्टेंटची, कमाल किंमत बांधून दिली गेली, तेव्हा लाखाच्या वर छापील किंमत असलेला औषधयुक्त स्टेंट कर वगळता २९,६०० रुपयांवर आला. ते पाऊल स्वागतार्हच होते. परंतु स्टेंट बसवताना लागणारे कॅथेटर, बलून आणि गाइड वायर नियंत्रणाबाहेर राहिले, आणि एका वस्तूवरचा नफा आटला की तो दुसऱ्या वस्तूवर काढण्याची वाट मोकळी राहिली. करोनाकाळात, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांतील खाटांचे दिवसाचे दर खाटेच्या प्रकारानुसार ४,०००, ७,५०० आणि ९,००० रुपये असे बांधून दिले. महागडी औषधे आणि पीपीई किट मात्र त्या दरात धरलेली नव्हती.

रुग्णालय चालकांचे म्हणणे असे की, खाटेचे भाडे आणि विम्याच्या पॅकेजचे दर इतके ताणले जातात की तूट साहित्यावरच भरून काढावी लागते. हे खरे असेल तर त्यांनी खाटेचे आणि परिचर्येचे दर खर्चाला धरून उघडपणे लावावेत. त्यावर वाद घालता येईल, तुलना करता येईल. सुईच्या किमतीत इमारतीचे भाडे वसूल होऊ लागले, तर ज्याला अधिक सुया टोचाव्या लागतात त्या अधिक आजारी माणसाने इमारतीचा अधिक खर्च का सोसावा?

सरकारी रुग्णालये सक्षम असती, तर हा भार इतका बोचला नसता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. हे प्रमाण पूर्वीपेक्षा उतरले आहे, तरीही गावाकडच्या घरात एका मोठ्या आजारपणापायी दागिने गहाण पडतात, जमीन विकावी लागते.

उपाय नवा शोधण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली, तेव्हा काही ब्रँडच्या किमती ८७ टक्क्यांपर्यंत उतरल्या. जून २०२१ मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरील नफ्यालाही अशीच मर्यादा घालण्यात आली. या दोन्ही वेळी उत्पादकाला हवी ती पहिली विक्री किंमत घेण्याची मुभा होती, फक्त पुढील साखळीतील नफा बांधला गेला. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या सर्व साहित्याला आणि यादीबाहेरच्या औषधांना केंद्राने हाच नियम लावावा. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी रुग्णालयांना सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. त्याच नियमांत दुरुस्ती करून बिलातील प्रत्येक औषधासमोर व साहित्यासमोर रुग्णालयाची खरेदी किंमत छापण्याची सक्ती राज्याला करता येईल. येत्या अधिवेशनात आपल्या भागातील आमदारांनी ही दुरुस्ती मांडावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा