आधी पाणी बरे व्हायला हवे

जळगाव,
वैशाख

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी अमळनेरहून निघताना आपल्या केशरविषयी, त्या गोल्डफिशच्या दुखण्याविषयी, सगळे बोलून झाले नाही, आणि फोनवर निम्मे राहून जाते. बाबांना कागदावरचे दोनदा वाचून खात्री करून घ्यायची सवय आहे, म्हणून सविस्तर लिहिते. काल रात्री बाबा म्हणाले, "माझ्याच हाताने त्याला हे दुखणे आले." ते ऐकल्यापासून मला चैन नाही, तेव्हा त्याचेच उत्तर आधी देते.

बाबा, तुम्ही फिल्टरचा स्पंज नळाखाली खळबळून, पिळून धुतला आणि त्यानंतर केशर मलूल झाला, हे खरे आहे. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण घरातली प्रत्येक वस्तू लखलखीत ठेवणाऱ्या माणसाने टाकीतला काळपट चिखल धुऊन काढला, तर त्यात त्याचा दोष तो काय? ज्याने मासा, टाकी आणि पंप विकला त्याने त्या चिखलात काय राहते हे तेव्हाच सांगायला हवे होते, आणि ते त्याने सांगितले नाही.

त्या चिखलात जिवाणू राहतात. मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया पाण्यात सोडत असतो, आणि उरलेले खाणे व विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे शेवटचे रूप माशाला फारसे बाधत नाही. आपण पाणी बदलतो तेव्हा ते निघून जाते. नळाच्या पाण्यात रोगजंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन या उपयोगी जिवाणूंनाही मारते. स्पंज स्वच्छ झाला त्या दिवसापासून टाकीतला अमोनिया जागच्या जागी साठत गेला, आणि पाणी मात्र काचेसारखे नितळ दिसत राहिले. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट तुम्हाला दिसली नाही, म्हणून स्वतःला बोल लावू नका.

त्यातच आपला खान्देशातला उन्हाळा. बाहेर पारा 44 च्या पुढे गेलेला असताना टाकीतले पाणी दुपारी 32 अंशांवर होते, हे मी स्वतः मोजले. गोल्डफिशला 20 अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच. शिवाय पाणी जितके गरम आणि जितके अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, 7 वरून 8 वर गेला तर तो अंश जवळपास दहापट होतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड, भांड्यांवर पांढरी पुटे सोडणारे आहे, म्हणून टाकीत ते सध्या मुळीच घालू नका. केशर पाण्याच्या वर तोंड काढून का धापत होता आणि मग तळाशी कल्ला टेकून का पडून राहिला, हे आता तुमच्या लक्षात येईल.

दुकानातून आणलेली निळ्या औषधाची बाटली मी कपाटात वर ठेवली आहे, ती तिथेच राहू द्या. ते मिथिलीन ब्लू आहे. बुरशीवर त्याचा उपयोग होतो, पण मोठ्या टाकीत ओतले तर उरलेसुरले चांगले जिवाणूही जातील. आपल्याला आधी पाणी बरे करायचे आहे. मी जळगावच्या एका ओळखीच्या घरून त्यांच्या जुन्या टाकीतल्या स्पंजाचा तुकडा त्यांच्याच पाण्यात बुडवून आणला आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवला, तो विरजणासारखा समजा. आई, विरजण लागायला वेळ लागतो हे तुला मी काय सांगावे! मात्र इथे एका रात्रीत काम होत नाही, पूर्ण वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोपर्यंत अमोनिया आपल्यालाच हाताने बाहेर काढावा लागेल, म्हणजे रोज टाकीतले पाव पाणी काढून तितकेच ताजे घालावे लागेल. ते पाणी टिपाडात आदल्या दिवशी उघडे भरून ठेवलेले असावे आणि त्यात अँटीक्लोरीनचे, म्हणजे क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे, थेंब बाटलीवरच्या मापाने टाकावेत. स्पंज पुन्हा कधी तुंबलाच, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच दाबून घ्यावा, नळाखाली कधीही धरू नये.

केशरला वेगळ्या टबात ठेवले आहे, तो टब ओसरीवर आणू नका. आपल्या धाब्याच्या घरात मधली खोली भर दुपारीही गार असते, तीच त्याच्यासाठी उत्तम. पाण्यात बर्फ टाकू नका, एकदम गारठा बसला तर आहे ती शक्तीही जाईल. टबाभोवती ओले फडके गुंडाळा, कूलरचा वारा पाण्यावरून जाऊ द्या, तेवढे पुरे. टबात 20 लिटर पाणी आहे आणि लिटरला 1 ग्रॅम या हिशेबाने मीठ घातले आहे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही, म्हणून ते घालायचे. रोज निम्मे पाणी बदलले की दहा ग्रॅमची एक पुडी विरघळवून घाला. पुड्या बांधून फडताळात ठेवल्या आहेत. उन्हाने पाणी आटले तर मात्र नुसते पाणी वाढवा, कारण मीठ उडून जात नाही. आणि हे टबातले पाणी तुळशीला घालू नका. मोठ्या टाकीचे बिनमिठाचे पाणी खुशाल घाला, तिला ते मानवेल.

आई, तू त्याला उपाशी बघू शकत नाहीस हे मी जाणते. पण पोटात गेलेल्या प्रत्येक दाण्याचा पुन्हा अमोनियाच होतो, आणि गोल्डफिश आठवडाभर काही न खाता राहू शकतो. तो स्वतःहून वर येऊन तोंड उघडू लागला की दोन दाणे टाक, तोवर पोळीचा चुराही नको.

एक गोष्ट तुम्ही दोघे घाबराल म्हणून आधीच लिहिते. रविवारी त्याच्या शेपटीच्या कडा झिरमिळल्या होत्या आणि परांमध्ये केसाएवढ्या बारीक लाल रेषा उमटल्या होत्या. आता येत्या दिवसांत पोटाजवळ आणि परांच्या टोकांना काजळीचे बोट लागावे तसे काळे डाग दिसू लागतील. ते सडणे नव्हे. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशला असे काळे डाग पडतात आणि पुढे फिके होतात. लक्ष ठेवायचे ते खवल्यांवर. ते अंगापासून सुटून उभे दिसले, तर वेळकाळ न बघता मला फोन करा.

केशर वाचेलच असे मी लिहीत नाही, कारण कल्ल्यांना किती इजा झाली आहे हे बाहेरून कळत नाही. पण शेजारी म्हणतात तसे "दुसरा आणा" हे मला पटत नाही. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे जगतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक 43 वर्षांचा होऊन 1999 मध्ये गेला. आपला केशर बाबांच्या निवृत्तीच्या वर्षी आला, आम्ही भावंडे घराबाहेर पडल्यावर सकाळी दिवा लागला की काचेशी येऊन तुम्हा दोघांची वाट पाहणारा तोच होता. त्याच्यासाठी एवढी धडपड करणे मला मुळीच जास्त वाटत नाही, आणि बाबा, तुम्ही त्याचे पर मिटलेले पाहून त्याच संध्याकाळी फोन केलात म्हणूनच धडपड करायला वेळ मिळाला.

मी शनिवारच्या पॅसेंजरने येते आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन येते. तोपर्यंत दिवे गेले तर टबातलेच पाणी तांब्याने वीतभर उंचीवरून पुन्हा टबात सोडत राहा, म्हणजे त्यात हवा मिसळेल. सकाळी टाकी आणि टब, दोन्हींच्या पाण्याची थेंबांची अमोनिया चाचणी करा. पिवळा रंग राहिला तर अमोनिया नाही, हिरवट झाला तर आहे. आईची नजर रंगाला पक्की आहे, तिने रंग सांगावा आणि बाबांनी तारखेसह वहीत लिहावा. ती वही मला शनिवारी पाहायची आहे.

कळावे. आशीर्वाद असावेत.

तुमची कन्या