शनिवारची प्रार्थना आमच्या घरी, सगळ्याजणी या

जय ख्रिस्त सगळ्यांना. महिला मंडळाची या शनिवारची प्रार्थना चर्चऐवजी आमच्याकडे ठेवलीये, संध्याकाळी ५ वाजता, कारण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीये, नववा लागलाय आणि तिला आता जिने चढवत नाहीत. आम्ही पहिल्यांदाच आजी-आजोबा होणार, हे तर रोज रात्री आभाराची प्रार्थना करतात आणि मध्येच गळा दाटून येतो त्यांचा. वाचनाला लूक अध्याय १ घेऊया, मरीया अलीशिबेला भेटायला जाते आणि अलीशिबेच्या पोटातलं बाळ आनंदाने उडी मारतं तो भाग, लेकीनेच निवडलाय. मला मात्र २ तीमथ्य १:५ सारखं आठवतंय, पौल तिथे तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना आधी त्याच्या आजीचं, लोईसचं नाव घेतो, मग आईचं. केवढी जबाबदारी आहे बघा आजीची!

बायबल आणि गीतपुस्तक आणा. जुन्या सुती साड्या असतील तर त्यापण आणा, दुपटी शिवायचीयेत. पाळकसाहेब ६ ला येतील. कळा आधीच सुरू झाल्या तर ग्रुपवर टाकते, मग असाल तिथूनच प्रार्थना करा प्लीज.