कोळपणीच्या दिवसांतलं पत्र

मंगळवेढा,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अविनाश,

तुझं पत्र मिळालं. रात्री-अपरात्री उठून तू युद्धाच्या बातम्या बघत बसतोस, हे वाचून काळजी वाटली. मुक्ता युक्रेनमधल्या खारकीव्हहून सुखरूप परतली, तरी २०२२चा तो फेब्रुवारी तुझ्या मनातून गेलेला नाही. बापाच्या मनातून तो जाणार तरी कसा!

यंदा सप्टेंबरात पावसानं जिल्हा झोडपला. सीना नदीच्या पुरानं पिकं तर नेलीच, कुठं कुठं मातीही खरवडून नेली. आमच्या काळ्या रानात पाय घालता येईना. वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आला तो पार दिवाळीच्या तोंडावर. मग पाभरीनं मालदांडी ज्वारी पेरली, कडेनं करडईच्या ओळी धरल्या. उशीर झाला, पण उगवण चांगली आहे.

सध्या पहिली कोळपणी चालू आहे. या ज्वारीचं सगळं आयुष्य जमिनीत मुरलेल्या ओलीवर. काळी माती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत केली, की भेगा बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते उगीच नाही. काल कोळप्याच्या पात्यामागची माती बोटानं उकरून पाहिली. वर नुसता फुफाटा आणि पेरभर खाली गारवा, मुठीत लाडू वळावा अशी ओल. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी ऊन कोवळं असतं. औतामागं पिवळे धोबी शेपट्या हलवत किडे टिपत फिरतात. हिमालयापलीकडून आलेले हे पाहुणे दरवर्षी याच सुमाराला दिसतात. त्यांच्याकडं बघत तास कधी संपतो ते कळत नाही.

पण जगाकडं पाठ फिरवायला मी रानात जातो, असं समजू नकोस. युक्रेनची माती आपल्यासारखीच काळी. तिथंही गव्हाची पेरणी नुकतीच उरकली असेल आणि कितीतरी रानांत बियाण्याच्या जागी सुरुंग आहेत. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरली की हे आठवतंच. सूर्यफुलाचं तेल महागलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनाही तो देश माहीत झाला. आणि या ऑगस्टात गाझा शहरात दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा दामाजीपंत आठवले. उपाशी लोकांसाठी बादशहाची कोठारं उघडणारा माणूस आपल्या मंगळवेढ्याचा. गाझात तर धान्य वेशीपर्यंत पोचलेलं होतं, तिथंच अडवलं होतं. याची चीड यायलाच हवी, अविनाश.

ती चीड मलाही येते. फरक इतकाच, की पहाटे बैल दावणीला उभे असतात आणि मला उठावं लागतं. दिवसभर औत धरल्यावर संध्याकाळी बातम्या ऐकतो, त्या नीट ऐकवतात आणि नंतर झोपही लागते. तुला हेच मिळावं असं फार वाटतं.

म्हणून लिहितो, दुसरी कोळपणी या महिन्याच्या अखेरीला आहे. चार दिवस काढून ये. मुक्ताला अभ्यासातून सवड असेल तर तिलाही आण. पंढरपूरला उतरा, मी घ्यायला येतो. जुने कपडे आणि पायात जाड चप्पल असू दे, धसकटं फार आहेत. जेवायला मालदांडीची भाकरी, करडईच्या तेलातलं पिठलं आणि शेंगाची चटणी. कधी निघतोस ते कळव.

तुझा,
श्रीकांत