पडवीचे खांब

दापोली,
फेब्रुवारी अखेर

प्रिय सुध्या,

पडवीला सिमेंटचे खांब ओतू की लाकडीच बसवू, असं विचारलंस. फोनवर 'बघू' म्हणालो, कारण ते दोन वाक्यांत उरकणारं नव्हतं. आमच्या पडवीचे पुढचे खांब नुकतेच बदललेत, तेव्हा सगळं ताजं आहे.

लाकडीच बसव. फक्त जमिनीत गाडू नकोस.

आमचा कोपऱ्यातला खांब वरून ठणठणीत होता. बुंध्याशी कोयतीचं टोक टेकवलं, तर ते न दाबताच आत गेलं. बाहेर आला तो ओला, काळपट भुसा. पूर्वी कुणीतरी मजबुती म्हणून बुंध्याभोवती सिमेंट थापलं होतं. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट हलत नाही, मधे फट पडते आणि पावसाचं पाणी त्या फटीत उतरून बसतं. त्यात खांबाचं खालचं कापलेलं तोंड दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतं. नुसत्या भिजण्याने लाकूड कुजत नाही रे, भिजून सुकायला न मिळाल्याने कुजतं. वाळवी मागाहून येते.

म्हणून तळखडा, म्हणजे खांबाखाली बसवायचा दगड, हवाच, वीतभर उंच. जांभ्याचा नको, तो स्वतःच पाणी पितो. काळ्या दगडाचा घे. माथा सपाट न ठेवता कडांकडे किंचित उतरता घडवून घे, म्हणजे शिंतोडे निथळून जातील. दगडात आणि खांबाच्या बुडात भोक पाडून मधे स्टेनलेस स्टीलचा गज बसव. खांब छपराचं वजन पेलतो एवढंच आपण बघतो, पण वारं छप्पर वर उचलतं. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठव. इथे आणि मंडणगडात नुसती कौलंच उडाली नाहीत, कित्येक छपरं वाशांसकट गेली. तेव्हा खाली गज आणि वर तुळईशी साल-कुसू, म्हणजे खाच आणि तीत बसणारी जीभ, त्यात आरपार लाकडी खुंटी. दोन्ही टोकं धरलेली असली पाहिजेत.

लाकडाचं म्हणशील तर फणस, ऐन, किंजळ, साग सगळी चालतील, पण गाभ्याचं लाकूड. बाहेरचा पांढरा भाग तासून टाकायला सांग, वाळवी तिथूनच सुरुवात करते. परड्यातला फणस पाडायचा विचार असेल, तर आधी वनखात्याची परवानगी काढ. झाड आपलं असलं तरी ती लागते. शिवाय ओलं लाकूड वाळेपर्यंत थांबावं लागेल ते वेगळंच. मी मोडलेल्या जुन्या घराचं ऐनाचं लाकूड घेतलं. खिळ्यांची भोकं आहेत, असू देत.

बसवताना आधी कडेच्या कौलांच्या ओळी उतरवून घ्या. मग तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू, त्यांच्याखाली फळी आणि जॅक. तुळई खांबावरून जेमतेम सुटेल इतकीच उचलायची, हावरटपणा केलात तर वरची कौलं तडकतात. आमचे सुतारकाका ओळंबा दोन बाजूंनी लावून बघतात. एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने खुशाल कललेला असतो. झाडाचा बुंधा खाली आणि शेंडा वर, यावर ते हटून बसले. त्यात शास्त्र किती ते जाऊ दे, जाड बाजू खाली दिसायलाही बरी दिसते.

बुडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल दोन हात दे. हातमोजे घाल, कातडी सोलून निघते. ऑइलपेंटचा जाड थर मात्र नको. चीर पडली की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही.

सिमेंटचा खांब वाईट असं नाही, पण तुझं छप्पर लाकडी, तुळई लाकडी. शिवाय काकू ज्या खांबाला टेकून दुपारी सुपारी कातरतात, तो सिमेंटचा झाला तर त्या तुला घरात राहू देतील का, ते तूच बघ.

काम मे महिन्यावर ढकलू नकोस, तेव्हा सुतार मिळत नाहीत. तुळईच्या खालच्या कडेपासून जोत्यापर्यंतची मापं प्रत्येक खांबापाशी वेगवेगळी घे आणि मला कळव. तळखड्याची उंची वजा करून लाकडाचा हिशेब मी काढून देतो. शिमग्याला येशीलच, तेव्हा सुतारकाकांशी गाठ घालून देईन.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
विनू