बाहा कॅलिफोर्नियाच्या प्रवासात आधी पेट्रोलचा हिशेब

महोदय,

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे हिवाळ्यात मोटारीने मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात जाण्याचे बेत आखतात, तेव्हा चर्चा बहुधा हॉटेले आणि समुद्रकिनारे यांपुरतीच राहते, म्हणून हे पत्र.

तिहुआना ते काबो सान लुकास हा 1973 मध्ये पूर्ण झालेला महामार्ग सुमारे 1,700 किलोमीटरचा असून, एल रोसारिओनंतरचा वाळवंटी टप्पा त्यात सर्वांत कसोटीचा आहे. पुढे तीनशेच्या आसपास किलोमीटर पेट्रोल पंपाचा भरवसा धरता येत नाही. कातावीन्याला रस्त्याकडेला पिंपांतून पेट्रोल विकणारे भेटतात, पण त्यांच्यावर विसंबून निघणे मला अजिबात पटत नाही. टाकी एल रोसारिओतच काठोकाठ भरावी आणि पिण्याचे पाणी मुबलक घ्यावे.

रस्ता अरुंद आहे, अनेक ठिकाणी त्याला साइडपट्टीच नाही आणि अंधार पडला की मोकाट गायी थेट डांबरावर येऊन उभ्या राहतात; त्यामुळे रोजचा मुक्काम दिवस मावळण्यापूर्वी गाठता येईल एवढेच अंतर ठरवावे. अमेरिकेतील मोटार विमा तेथील कायद्याला चालत नाही, मेक्सिकोचा विमा आधीच काढावा लागतो.

जानेवारी ते मार्चदरम्यान गेरेरो नेग्रोजवळच्या ओहो दे लिएब्रे खाजणात करडे देवमासे पिलांसह असतात. दक्षिण टोक गाठण्याच्या घाईत हा मुक्काम गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सॅन डिएगो